डॉक्टरांनी ऐकलं का?

आपला संग्रामपूर तालुका खारपाणपट्ट्यातला. बोअरचं पाणी खारट, किडनीचे रुग्ण गावोगाव. त्यांच्याशी बोलताना आम्हाला कळतं, की "डॉक्टर चांगले" म्हणजे नेमकं काय. चांगल्या डॉक्टरांनी विचारलेलं असतं, "पाणी कुठलं पिता?" क्रिएटिनिन वाढलं म्हणजे काय, तेही समजावलेलं असतं. वाईट अनुभवात मान वर न करताच चिठ्ठी लिहिलेली असते. औषध कदाचित दोन्हीकडे तेच! पण एकीकडे रुग्ण जाणता माणूस ठरतो, दुसरीकडे नुसतं शरीर. समजावणं ही मेहेरबानी नव्हे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलं, की पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी. तेव्हा उठण्याआधी विचारायचंच, "डॉक्टरसाहेब, मला झालंय काय?"