प्रिंट अर्धवट येते, पान कापलं जातं? प्रिंटर नाही, आधी कागदाचा साइज बघा

ऑनलाइन फॉर्म भरला, फी भरली, प्रिंट काढली आणि बघतो तर काय, खालचा सहीचा रकाना अर्धाच आलाय. पुन्हा प्रिंट दिली, तर प्रिंटर कागदच ओढेना. नुसता दिवा लुकलुकतोय. त्यात फॉर्म जमा करायची आज शेवटची तारीख.

अशा वेळी सगळे शिव्या घालतात प्रिंटरला. पण पुष्कळदा प्रिंटर ठणठणीत असतो, गडबड असते कागदाच्या साइजची.

आपल्याकडे दुकानात मिळतो तो ए-४ कागद. २१० मिलिमीटर रुंद, २९७ मिलिमीटर उंच. हे माप १९२२ मध्ये जर्मनीत ठरलं आणि नंतर जवळपास सगळ्या जगानं उचललं. अमेरिका आणि कॅनडात मात्र 'लेटर' चालतो. तो २१६ बाय २७९ मिलिमीटर, म्हणजे ए-४ पेक्षा किंचित रुंद, पण १८ मिलिमीटर आखूड. हा फरक म्हणजे साध्या मजकुराच्या तीन-चार ओळी. तुमचा सहीचा रकाना जातो तो इथंच.

मग हा लेटर आपल्याकडे आला कुठून? तर कॉम्प्युटरमधून. विंडोजच्या सेटिंगमध्ये देश 'युनायटेड स्टेट्स' राहून गेला असेल, तर कागदही बऱ्याचदा अमेरिकेचाच धरला जातो.

तिसरा गडी म्हणजे 'लीगल', २१६ बाय ३५६ मिलिमीटर. कोर्टाच्या कामात हाच चालायचा. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये ए-४ वापरायला सांगितलं, पण करारनाम्यांच्या जुन्या लीगल फाइल अजूनही फिरतायत.

आता दुरुस्ती. कागदाचा साइज तीन ठिकाणी ठरतो आणि तिन्ही ठिकाणी तो एकच पाहिजे.

१. फाइल : वर्डमध्ये 'लेआउट'मध्ये जाऊन 'साइज'वर ए-४ निवडा. गुगल डॉक्समध्ये 'फाइल'खाली 'पेज सेटअप' आहे.

२. प्रिंटची खिडकी : कंट्रोल आणि पी दाबल्यावर 'पेपर साइज' दिसतो. ब्राउझरमध्ये तो 'मोअर सेटिंग्ज'मध्ये लपलेला असतो. दर वेळी लेटरच येत असेल, तर विंडोजच्या 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मध्ये आपला प्रिंटर उघडा आणि 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस'मध्ये कायमचा ए-४ करून टाका.

३. प्रिंटरचा ट्रे : कागदाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या पट्ट्या कागदाला टेकलेल्या हव्यात. काही प्रिंटरना ट्रेमध्ये कोणता कागद आहे, हे त्यांच्या बटणांवरूनही सांगावं लागतं. फाइल लेटर मागतेय आणि ट्रेमध्ये ए-४ आहे, असं झालं की असे प्रिंटर थांबून दिवा लुकलुकवतात.

हे तिन्ही जुळलं, तरी एक गोष्ट उरते, ती म्हणजे 'स्केल'. 'फिट' निवडलं की पान कागदात बसेल एवढं लहान होतं. फॉर्म, पावती, हॉल तिकीट यांना ते चालतं. लेटरचं पान ए-४ वर आणताना साधारण ३ टक्केच लहान होतं, कळतही नाही. पण लीगलचं पान ए-४ वर बसवलं, तर ते ८३ टक्क्यांवर येतं. १२ पॉइंटचं अक्षर १० चं होतं, बारीक अक्षरं तर वाचता येत नाहीत.

पासपोर्ट साइज फोटो, चिकटवायची लेबलं, नकाशा, कपड्याचं कटिंग अशा मापाच्या गोष्टींना मात्र 'फिट' नको. तिथं 'ॲक्च्युअल साइज' किंवा १०० टक्के निवडा, नाहीतर फोटो चौकटीपेक्षा लहान येईल.

बाहेर दुकानातून प्रिंट काढायची असेल, तर घरीच साइज ए-४ करून पीडीएफ बनवा आणि तीच पाठवा. वर्डची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की फॉन्ट बदलून ओळी सरकू शकतात. पीडीएफमध्ये पान जागच्या जागी राहतं.

आणि दहा कॉपी काढायच्या असतील, तर आधी प्रिव्ह्यूमध्ये चारही कडा बघून एकच काढा. ती नीट आली की उरलेल्या नऊ.