विश्लेषण : टॅब मिळाला, नेटचे काय?

करोनाकाळात शाळा मोबाइलवर आली. पण त्याआधीच्या, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार देशातील शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्क्यांकडेच संगणक होता. इंटरनेटची सोय ४२ टक्क्यांकडे. घाटकोपर, मुलुंडच्या वस्त्यांत घरातला एकुलता मोबाइल वडिलांबरोबर कामावर गेला, की मुलांचा वर्ग बुडे.

मुंबई महापालिकेने २०१५ पासून आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले. त्यात अभ्यासक्रम भरलेला होता. ऑनलाइन वर्गाला मात्र नेट लागतेच.

मार्ग काय?

केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या ‘पीएम-वाणी’त किराणा दुकानदारही परवाना वा नोंदणीशुल्काविना वाय-फाय विकू शकतो. गल्लीतच स्वस्त नेट मिळेल. पण हाती साधन नसेल, तर त्याचा उपयोग शून्य. टॅब आणि जोडणी एकत्रच द्यायला हवी.