बोगदा न खणता पलीकडे

विठ्ठलवाडीहून ठाण्याकडे जाताना पारसिकचा डोंगर आडवा येतो. रेल्वेने १९१६ साली त्यातून बोगदा काढला. इलेक्ट्रॉनसारखा कण मात्र ऊर्जा अपुरी असूनही कधीकधी अडथळ्यापलीकडे सापडतो. हेच क्वांटम टनेलिंग. अडथळा जितका पातळ, तितकी ही शक्यता झपाट्याने वाढते.

सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे दीड कोटी अंश, तरी एकमेकांना दूर लोटणारे प्रोटॉन जवळ यायला तेवढं पुरत नाही. टनेलिंगमुळे ते एकत्र येऊन ऊर्जा देतात, म्हणून आपल्याला ऊन मिळतं, हे खरोखर थक्क करणारं आहे. युरेनियममधून अल्फा कण निसटतात तेही असेच. १९२८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ गॅमॉने हे उलगडलं.

आणि लोकलमध्ये तुमच्या हातातला मोबाइल? त्यातला प्रत्येक फोटो साठतो तो काही नॅनोमीटर जाडीच्या थरातून असेच आरपार गेलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे.