मुदतवाढ मिळाली, पण परवाना नवा झाला का?

पहाटे चारच्या सुमारास दुधाचा टेम्पो निघतो. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हाही तो निघतच होता. दूध, भाजीपाला, औषधे घराघरात पोहोचायलाच हवी होती. पण टेम्पो चालवणाऱ्याच्या खिशातल्या परवान्याची मुदतच संपली असेल तर? आरटीओचे दार बंद. घरी बसावे तर चूल विझते, रस्त्यावर यावे तर दंडाची भीती.

ही भीती खोटी नव्हती. १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने वैध परवान्याशिवाय गाडी चालवण्याचा दंड कायद्यात ५०० रुपयांवरून ५,००० रुपये केला होता. मुदत संपल्यावर मिळणारी ३० दिवसांची सवलतही तेव्हाच गेली होती.

सात वेळा दिलासा

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ३० मार्च २०२० रोजी राज्यांना कळवले, की १ फेब्रुवारीपासून मुदत संपलेली वाहनविषयक कागदपत्रे ३० जूनपर्यंत वैध मानावीत. साथ हटेना, म्हणून तारीख पुढे सरकत राहिली. आधी सप्टेंबर, मग डिसेंबर, पुढे मार्च २०२१, जून आणि पुन्हा सप्टेंबर. शेवटची मुदत ३१ ऑक्टोबर २०२१ ची होती आणि ती जाहीर झाली आधीची मुदत संपत होती त्याच दिवशी, ३० सप्टेंबरला!

निर्णय गरजेचाच होता. आरटीओतली गर्दी म्हणजे रोगाला आमंत्रण. पण काही वेळा शेवटच्या दिवसांपर्यंत जीव टांगणीला लागावा, ही सामान्य माणसाची परीक्षाच होती.

विसरलेली तपासणी

या सवलतीने एक गैरसमजही रुजवला. ‘सरकारने मुदत वाढवली’ म्हणून अनेक जण निर्धास्त झाले. प्रत्यक्षात कार्डावरची तारीख बदललीच नव्हती. कागद फक्त वैध मानला जात होता.

नूतनीकरण म्हणजे नुसता शिक्का नव्हे. चाळिशी ओलांडलेल्यांना त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, नजरही तपासली जाते. पावणेदोन वर्षांच्या सवलतीत कागद थांबला, पण मोतीबिंदू थोडाच थांबतो? घरातल्या साठीच्या वडिलांना रात्री समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांवर येतो, हे आरटीओच्या आधी घरच्यांनाच कळायला हवे.

आज काय कराल?

ती सवलत केव्हाच संपली, कायदा मात्र कायम आहे. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. मुदत संपून एक वर्ष उलटले, तर वाहन चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते. दरम्यान अपघात झालाच तर विमा कंपनी हरकत घेऊ शकते, ते वेगळेच.

साथीच्या काळातच, मार्च २०२१ मध्ये, एक चांगली सोयही झाली. चाचणीची गरज नसेल, तर ‘आधार’ची ओळख देऊन परिवहन संकेतस्थळावर घरबसल्या नूतनीकरणाचा अर्ज करण्याची मुभा मिळाली. मग दलालाच्या मागे धावायचे कशाला?

आज संध्याकाळी घरातले सगळे परवाने एकदा बाहेर काढा. तारीख पाहा आणि ती कॅलेंडरवर लिहून ठेवा. गॅसचा नंबर लावायला आपण विसरत नाही, मग हीच तारीख का विसरावी?