सायकलच्या पाठीमागची हवा

पॉवर हाऊसकडून नंदिनी रोडने जामुलला सायकलवर येणाऱ्याला विचारा, सगळ्यात जड काय जातं? तो म्हणेल, समोरचा वारा. खरंच आहे. सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरच्या पुढे गेलात, की निम्म्याहून जास्त ताकद हवेशी झगडण्यात जाते.

हवा छातीवर आदळते म्हणून अडवते, असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं. हवा खांद्यांवरून, कमरेवरून वळसा घेते, पण पाठीमागे तिला पुन्हा नीट जुळता येत नाही. ती अंगापासून सुटते, भोवरे होतात, तिथला दाब उतरतो. पुढे दाब जास्त, मागे कमी. म्हणजे कुणीतरी मागून सदरा धरून ओढतंय. मासा शेपटीकडे निमुळता होत जातो, आपली पाठ एकदम संपते! आणि या अडथळ्यात सायकलीपेक्षा आपल्या देहाचा वाटा कितीतरी मोठा. म्हणून महागडी फ्रेम घेण्याआधी कोपर वाकवा, शर्टाची बटणं लावा.

आता हिशेब. तुमचा वेग १५ आणि समोरून वारा १५, तर हवेला तुम्ही ३० ने भिडता. वेग दुप्पट, अडथळा चौपट. रस्ता तोच, पाय मात्र भरून येतात.

पण ती मागची भोवऱ्यांची हवा तुमच्याबरोबर थोडी पुढे ओढली जात असते. दुसरा सायकलवाला तिच्यात चिकटून चालला, तर त्याचा अडथळा साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी होतो. गंमत म्हणजे पुढच्यालाही किंचित फायदा होतो. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्या शर्यतीत असा आडोसा घ्यायला मनाई असते. जवळजवळ ५,००० किलोमीटर, सगळी हवा स्वतःच्या छातीवर!

आपल्याकडे आडोसा मिळतो तो सिमेंटच्या बल्करचा. त्याच्या मागे लागू नका. त्याने ब्रेक मारलेला तुम्हाला दिसणारच नाही. बल्कर शेजारून जातो तेव्हा तर जास्त जपा. त्याच्या तोंडापुढची दाबलेली हवा आधी तुम्हाला रस्त्याबाहेर ढकलते. तुम्ही सावरायला हँडल आत वळवता, आणि नेमका तेव्हाच बाजूचा कमी दाब तुम्हाला चाकांकडे खेचतो. पहिला धक्का बसला की हँडल सरळ धरा, अंग खाली घ्या, आणि तो पूर्ण पुढे जाईपर्यंत कडेचीच रेघ धरून चाला.