उंट : दुधापासून प्रतिविषापर्यंत

माळवी ही मध्य प्रदेशातील नोंदणीकृत उंटजात. वाहतुकीतील उपयोग घटल्याने उंटपालन संकटात आहे; 2019 च्या पशुगणनेत देशातील उंटांची संख्या सुमारे अडीच लाखांवर आली. त्याच वेळी या प्राण्याचे वैद्यकीय महत्त्व वाढत आहे.

गाईच्या दुधाच्या ॲलर्जीस कारणीभूत ठरणारे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन उंटिणीच्या दुधात नसते. बिकानेर येथील राष्ट्रीय उष्ट्र अनुसंधान केंद्राने मधुमेहात या दुधाचा उपयोग, तसेच उंटापासून सर्पविषावरील प्रतिविष, या विषयांवर संशोधन केले आहे. 1993 मध्ये ब्रुसेल्सच्या संशोधकांनी उंटाच्या रक्तातील, हलक्या साखळ्या नसलेल्या प्रतिपिंडांची माहिती प्रसिद्ध केली. अशा प्रतिपिंडांच्या लहान व टिकाऊ अंशांना नॅनोबॉडी म्हणतात. त्यांवर आधारित औषधे आज वापरात आहेत.

जबलपूरच्या अटारी संस्थेअंतर्गत मध्य प्रदेश व छत्तीसगडमधील कृषी विज्ञान केंद्रे येतात. तेथील विस्तार कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होऊ शकतो; म्हणून दूध उकळून वा पाश्चरीकरण करूनच घ्यावे. हे दूध पूरक आहार आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याविना इन्सुलिन थांबवू नये. अवास्तव दाव्यांनी रुग्णाचे आरोग्य धोक्यात येते आणि उंटपालकाची बाजारपेठही.