ठेव ज्याची, हक्क त्याचा

रुग्णाची माहिती गुप्त राखणे आणि ती त्याने मागताच त्याला देणे, ही एकाच विश्वासाची दोन अंगे होत. अमेरिकन विधिज्ञ डेव्हन मॅकग्रॉ यांची कारकीर्द याच सूत्रात गुंफलेली आहे.

अमेरिकेत 1996 मध्ये ‘हिपा’ कायदा झाला. त्याचे गोपनीयतेचे नियम 2003 पासून बहुतेक रुग्णालयांना व विमा कंपन्यांना पाळावे लागले. 2009 च्या ‘हायटेक’ कायद्याने संगणकीय नोंदींना चालना दिली. कागद संगणकात गेला, पण ‘गोपनीयते’चे कारण सांगून खुद्द रुग्णालाच नोंदी नाकारण्याची वृत्ती उरली.

कायदा व सार्वजनिक आरोग्य या दोन्ही विषयांच्या पदवीधर असलेल्या मॅकग्रॉ यांनी स्वयंसेवी संस्थेत आणि वकिली पेढीतही काम केले. 2015 ते 2017 या काळात त्या केंद्रीय आरोग्य खात्यात गोपनीयता विभागाच्या उपसंचालक होत्या. 2016 मध्ये त्या कार्यालयाने स्पष्ट केले की, मागितलेल्या नोंदी सामान्यतः 30 दिवसांत द्याव्यात. उपचारांचे बिल थकले म्हणून त्या अडवता येणार नाहीत. पुढे त्यांनी रुग्णांना स्वतःच्या नोंदी मिळवून देणाऱ्या ‘सिटिझन’ या कंपनीत काम केले.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत रहोभ्याख्यान आणि न्यासापहार, म्हणजे दुसऱ्याचे गुपित फोडणे आणि ठेव बुडवणे, एकाच यादीत येतात. औषधांचे दुकान असो वा तपासणी-प्रयोगशाळा, ग्राहकाच्या आजाराची नोंद ही त्याची ठेव आहे. ती जपावी, आणि मागताच परत करावी.